दंतोपचाराच्या गरजेची स्थित्यंतरे : ब्रिटनमधील शतकभराचा इतिहास

१

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण मराठीत कृतघ्नतेच्या संदर्भात वापरली जाते. परंतु तिच्या पोटात वैद्यकाविषयीची एक समजूतही दडलेली आहे. रोग येतो, त्याच्याबरोबर वैद्याची गरज येते, आणि रोग बरा झाला म्हणजे ती गरजही संपते, अशी ती समजूत होय. ज्वरासारख्या आगंतुक व्याधींच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी ठरते. दातांच्या बाबतीत मात्र ती फारच थोडी लागू पडते. किडलेला दात भरला तर ती भरणी काही वर्षांनी बदलावी लागते. भरणी मोठी होत गेली म्हणजे दातावर टोपी चढवावी लागते. दात उपटला तर त्याची उणीव भरून काढावी लागते. आणि सगळेच दात उपटले तर कवळी, व कवळीखालचे हाड झिजत गेल्यावर पुन्हा नवी कवळी, हा क्रम आमरण चालू राहतो. येथे उपचाराने गरज सरत नाही, तिचे रूप बदलते. एका पिढीवर झालेला उपचार हेच पुढील काळातील गरजेचे एक प्रमुख कारण होऊन बसते. हे विधान ब्रिटनमधील गेल्या शतक-सव्वाशतकाच्या इतिहासाच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

विषयप्रवेशापूर्वी 'गरज' ह्या शब्दाचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. हा शब्द अरबी 'ग़रज़' ह्या शब्दापासून फारसीच्या द्वारे मराठीत आला. मूळ अरबीत त्याचा अर्थ नेम, लक्ष्य, हेतू असा आहे. मराठीत त्याचा अर्थ निकड, आवश्यकता असा स्थिरावला आणि हेतूचा अर्थ मागे पडला. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो मूळ अर्थ ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दंतोपचाराची गरज आहे असे म्हटले की ती कशासाठी आहे, हा प्रश्न पाठोपाठ येतो. वेदना थांबावी म्हणून, अन्न चावता यावे म्हणून, चारचौघांत तोंड उघडता यावे म्हणून, की दात अखेरपर्यंत टिकावेत म्हणून? हेतू बदलला म्हणजे त्याच तोंडाची गरज निराळी ठरते.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्ये सामाजिक गरजांचे चार प्रकार सांगितले : तज्ज्ञाने आपल्या निकषाने ठरविलेली गरज, व्यक्तीला स्वतःला जाणवलेली गरज, मागणीच्या रूपाने व्यक्त झालेली गरज, आणि समान स्थितीतील इतरांशी तुलना करून ठरविलेली गरज. ह्या चार गरजा एकमेकींशी जुळतातच असे नाही. दंतवैद्याला दहा दात भरण्याजोगे दिसतील, रोग्याला एकही दुखत नसेल. उलट रोगी सगळे दात काढून टाका म्हणून विनवील आणि वैद्याला त्यांतील निम्मे वाचविण्याजोगे वाटतील. पुढील विवेचनात हे भेद वेळोवेळी उपयोगी पडतील.

अभ्यासासाठी ब्रिटनची निवड करण्याचे कारण उघड आहे. १९४८ पासून तेथे दंतोपचार सर्व नागरिकांसाठी शासकीय सेवेत आले. आणि १९६८ पासून साधारणतः दर दहा वर्षांनी प्रौढांच्या दातांची देशव्यापी पाहणी होत गेली. त्यामुळे मागणी आणि प्रत्यक्ष स्थिती ह्या दोहोंचा इतका दीर्घ आलेख क्वचितच अन्यत्र उपलब्ध होतो.

२

दातात किडा शिरतो आणि तो दात पोखरतो, ही कल्पना अतिशय प्राचीन आहे. बाबिलोनी मंत्रांत ती आढळते. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये 'कृमिदन्तक' हा रोग सांगितला आहे. आणि दाढ 'किडली', दाताला 'कीड लागली' हे मराठी शब्दप्रयोग आजही तीच कल्पना जतन करून आहेत. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा किडा आपणांस आढळला नसल्याचे सांगितले. पुढे डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० मध्ये मुखातील सूक्ष्म जंतूंवरील आपल्या ग्रंथात, हे जंतू गोड व पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळविते, असे प्रतिपादन केले. दंतक्षयाची आजची उपपत्ती ह्याच पायावर उभी आहे.

मिलर यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्या सुमारास इंग्लंडमधील तोंडे त्याची साक्ष देतच होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे दरडोई साखरेचा वार्षिक खप सुमारे ८ किलो होता; शतकाच्या अखेरीस तो ४० किलोच्या आसपास पोहोचला. १८७४ मध्ये साखरेवरील आयातकर रद्द झाला आणि जी वस्तू पूर्वी श्रीमंतांच्या मेजावर असे, ती कामकऱ्याच्या चहात आणि मुलांच्या पावावरील मुरंब्यात आली. येथे एक भाषिक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. सुश्रुताने दातांवर साचून कठीण होणाऱ्या मळाला, म्हणजे आपल्या बोलीतील किटणाला, 'दन्तशर्करा' असे नाव दिले आहे. तेथे 'शर्करा' म्हणजे खडे, रेती. ह्याच शब्दापासून पुढे दाणेदार साखरेचे नाव झाले, आणि फारसी-अरबीच्या मार्गाने युरोपीय भाषांतील साखरेची नावेही आली. दातांच्या इतिहासात ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ अशा रीतीने एकत्र आले.

दंतक्षय वाढला तरी त्या काळच्या सामान्य माणसाची जाणवलेली गरज एकच होती : वेदनेतून सुटका. आणि तिचा उपाय एकच होता : दात उपटणे. तो उपाय सुसह्य करणाऱ्या दोन गोष्टी शतकाच्या मध्यास घडल्या. अमेरिकेत होरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइडचा आणि विल्यम मॉर्टन यांनी १८४६ मध्ये ईथरचा उपयोग दात काढताना केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लंडनमध्येही ईथर देऊन दात काढण्यात आला. दुसरी गोष्ट म्हणजे १८५१ च्या सुमारास सिद्ध झालेले कठीण रबर. तत्पूर्वी कवळी हस्तिदंताची किंवा सोन्याच्या पट्टीची असे, आणि तिच्यात कित्येकदा मृत माणसांचे दात बसविलेले असत. वॉटर्लूच्या १८१५ च्या रणांगणावरून गोळा केलेल्या दातांची ख्याती तर प्रसिद्धच आहे. रबराची बैठक आणि चिनी मातीचे दात ह्यांमुळे कवळी स्वस्त झाली व ती हिरडीवर नीट बसू लागली. दात न दुखता काढता येऊ लागला आणि काढलेल्याच्या जागी दुसरा बसविता येऊ लागला. ह्या दोन सोयींच्या योगाने उपटणे हा शेवटचा उपाय न राहता पहिला उपाय बनला.

व्यवसायाची स्थितीही ह्यास पोषक होती. १८७८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदवही सुरू झाली. परंतु स्वतःला 'दंतवैद्य' न म्हणविता तोच धंदा करण्यास नोंदणी नसलेल्यांना मुभा राहिली. ही पळवाट १९२१ च्या कायद्याने बंद झाली. मधल्या चाळीस वर्षांत असंख्य अशिक्षित व्यावसायिकांनी दात काढले व कवळ्या विकल्या. दात भरण्याचे काम वेळखाऊ, कौशल्याचे आणि महाग होते. ते सुखवस्तू वर्गापुरते मर्यादित राहिले.

३

सार्वजनिक पातळीवर दातांच्या दुरवस्थेची जाणीव प्रथम युद्धाने करून दिली. बोअर युद्धात (१८९९–१९०२) सैन्याच्या कठीण बिस्किटांना तोंड देऊ न शकणाऱ्या सैनिकांचा प्रश्न उभा राहिला. भरतीसाठी आलेल्या तरुणांपैकी कित्येकांना दातांच्या कारणास्तव परत पाठवावे लागले. शारीरिक ऱ्हासाच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीने १९०४ मध्ये आपला अहवाल दिला, तीत दातांचाही विचार होता. केंब्रिज येथे १९०७ मध्ये शाळकरी मुलांसाठी दंतचिकित्सालय सुरू झाले. ही तज्ज्ञांनी ठरविलेल्या गरजेची सुरुवात म्हणता येईल.

परंतु तज्ज्ञांचे मतही ह्याच सुमारास उपटण्याच्या बाजूला झुकले. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये माँट्रियल येथील व्याख्यानात मुखातील पू व अस्वच्छ भरण्या-टोप्या हे अनेक शारीरिक व्याधींचे मूळ असल्याचे जोरदारपणे मांडले. ह्या मताचा प्रभाव पुढील दोन-तीन दशके टिकला. संधिवात, अशक्तपणा, अपचन अशा नाना तक्रारींवर उपाय म्हणून निरोगी वाटणारे दातही काढले जाऊ लागले. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात दंतोपचाराचा समावेश नव्हता. तथापि पुढे विमासंस्थांनी शिल्लक निधीतून जादा लाभ देण्यास आरंभ केला, तेव्हा दंतलाभ हा त्यांतील सर्वांत लोकप्रिय ठरला. त्या लाभाचा मोठा भाग दात काढण्यावर आणि कवळ्यांवर खर्ची पडला.

ह्या सर्वांतून एक लोकरूढी तयार झाली. दात हे आज ना उद्या त्रास देणारच. तेव्हा ते तरुणपणीच एकदाचे काढून कवळी बसवून घ्यावी, हा शहाणपणा मानला गेला. उत्तर इंग्लंड व स्कॉटलंडच्या कामगारवस्तीत विवाहापूर्वी किंवा एकविसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने मुलीचे सर्व दात काढून तिला कवळी करून देण्याची चाल होती, असे त्या पिढीच्या आठवणींतून दिसते. नवऱ्याला पुढे खर्चात न पाडणारी वधू, असा त्यामागील व्यवहार. आजच्या दृष्टीने हे क्रूर वाटते. परंतु ज्या घरात दात भरण्याचा खर्च परवडत नव्हता आणि दातदुखीने कामाचा दिवस बुडाला तर मजुरी बुडत होती, त्या घरातील हिशेब चुकीचा होता असे म्हणवत नाही. त्यांच्या लेखी गरजेचा हेतू दात टिकविणे हा नव्हता. दुखणे व खर्च ह्यांतून कायमची मोकळीक मिळविणे हा होता.

ही दडलेली गरज ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होताच एकदम बाहेर पडली. सेवा निःशुल्क होती. पहिल्या वर्षात सुमारे ८५ लाख लोकांनी दंतोपचार घेतले. शासनाने धरलेला अंदाज कितीतरी मागे पडला. अनेक वर्षे नीट न बसणारी किंवा दुसऱ्याची जुनी कवळी वापरणारे, तसेच चारदोन किडक्या मुळांवर दिवस काढणारे, असे लोक मोठ्या संख्येने दंतवैद्यांच्या दारी आले. ह्या मागणीची एक अनिष्ट बाजू अशी की, खासगी दंतवैद्यांची मिळकत वाढल्यामुळे शालेय दंतसेवेतील वैद्य ती सोडून जाऊ लागले. वडीलधाऱ्यांना कवळ्या मिळत असतानाच मुलांचे दात तपासणारे हात कमी पडले.

खर्च आवरण्यासाठी १९५१ मध्ये कवळ्या व चष्मे ह्यांवर आकार बसविण्यात आला. आरोग्यसेवेचे जनक अनायरिन बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडले ते ह्याच प्रश्नावर. १९५२ मध्ये अन्य दंतोपचारांवरही एक पौंडाचा आकार आला. मुले व गरोदर स्त्रिया यांना त्यातून सूट होती. ह्यानंतर कवळ्यांची मागणी झपाट्याने उतरली. ती उतरली म्हणजे गरज उतरली काय? अंशतः होय, कारण साचलेला अनुशेष दोन-तीन वर्षांत पुष्कळसा भरून निघाला होता. परंतु आकारामुळे थांबलेल्यांचाही त्यात वाटा होता. व्यक्त झालेली गरज आणि प्रत्यक्ष स्थिती ह्यांतील अंतर मागणीच्या आकड्यांवरून मोजता येत नाही, ह्याचे हे ठळक उदाहरण होय. त्यासाठी लोकांची तोंडे तपासणे हाच मार्ग होता.

४

ती तपासणी १९६८ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये प्रथम झाली. तीत आढळून आले की सोळा वर्षांवरील लोकांपैकी शेकडा ३७ जणांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात नाही. स्कॉटलंडमध्ये १९७२ मध्ये हेच प्रमाण शेकडा ४४ होते. १९७८ मध्ये संपूर्ण ब्रिटनची पाहणी झाली, तेव्हा निर्दंतांचे एकंदर प्रमाण ३० वर आले होते. पण पंचाहत्तरीपुढील वृद्धांत ते तब्बल ८७ होते. हे वृद्ध १९०३ पूर्वी जन्मलेले, म्हणजे वर वर्णिलेल्या उपटण्याच्या युगात वाढलेले. पाहणीच्या आकड्यांत त्या वर्षाची स्थिती दिसते असे वाटते. वस्तुतः त्यांत पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे उपचार दिसत असतात.

ह्या आकड्यांचा पुढील प्रवास असा : १९८८ मध्ये निर्दंत शेकडा २१; १९९८ मध्ये १३; आणि २००९ च्या पाहणीत, जीत स्कॉटलंडचा समावेश नव्हता, अवघे ६. चार दशकांत एवढा पालट होण्यास एकच कारण पुरेसे नाही. जुनी निर्दंत पिढी काळाच्या ओघात निघून गेली. आणि तिच्या जागी आलेल्या पिढीचे दात उपटण्याऐवजी भरण्यात आले.

दात भरण्याच्या ह्या युगास तंत्राची मोठी साथ लाभली. १९५७ मध्ये हवेच्या दाबावर अतिवेगाने फिरणारे यंत्र प्रचारात आले. तत्पूर्वी पायाने किंवा दोरीपट्ट्याने चालणाऱ्या यंत्राने दात कोरणे हे रोगी व वैद्य दोघांनाही कष्टाचे होते. आता ते काही मिनिटांचे काम झाले. स्थानिक बधिरीकरण सुलभ झाले. आणि राष्ट्रीय आरोग्यसेवेत वैद्याला प्रत्येक कामागणिक मोबदला मिळत असल्यामुळे जितक्या भरण्या तितकी मिळकत, हे गणित होते. त्यातच दुसऱ्या महायुद्धापासून चालत आलेले मिठायांवरील व साखरेवरील शिधाबंधन १९५३ मध्ये उठले. युद्धकाळात घटलेला मुलांतील दंतक्षय पुन्हा वाढला आणि शाळकरी पिढी पाऱ्याच्या मिश्रधातूने, आपण जिला व्यवहारात 'चांदी' म्हणतो तिने, भरलेल्या दाढा घेऊन मोठी झाली. १९७३ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये बारा वर्षांच्या मुलाचे सरासरी जवळजवळ पाच दात किडलेले, काढलेले अथवा भरलेले होते.

येथे तज्ज्ञाने ठरविलेल्या गरजेचीच चिकित्सा सुरू झाली, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. ऑब्रे शायहॅम यांनी १९७७ मध्ये दर सहा महिन्यांनी दात तपासण्याच्या रूढीला शास्त्रीय आधार काय, असा प्रश्न विचारला. रिचर्ड एल्डर्टन यांनी भरण्या वारंवार बदलण्याच्या प्रथेकडे लक्ष वेधले : प्रत्येक बदलाच्या वेळी पोकळी थोडी मोठी होते, दात थोडा दुबळा होतो, आणि पुढील बदल अधिक लवकर करावा लागतो. १९८६ मध्ये शॅनशिफ समितीने अनावश्यक दंतोपचारांविषयी अहवाल दिला. सारांश, मोबदल्याची पद्धत, तपासणीची वारंवारता आणि वैद्याचा निदान करण्याचा कल हे तिन्ही घटक गरजेच्या आकड्यात मिसळलेले असतात, हे आता मान्य करावे लागले. २००४ मध्ये शासकीय मार्गदर्शनानुसार प्रौढांच्या तपासणीतील अंतर प्रत्येकाच्या स्थितीनुसार तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत ठेवण्याची शिफारस झाली, ती ह्याच विचाराची परिणती होय.

५

भरणीचे युग ओसरू लागले ते मात्र दंतवैद्याच्या खुर्चीमुळे नव्हे. अमेरिकेत फ्रेडरिक मॅके यांनी कोलोरॅडोतील लोकांच्या दातांवरील तपकिरी डागांचा पाठपुरावा केला. १९३१ मध्ये त्या डागांचे कारण पाण्यातील फ्लोराइड असल्याचे निश्चित झाले. आणि ट्रेंडली डीन यांनी अल्प प्रमाणातील फ्लोराइडमुळे दंतक्षय घटतो हे दाखवून दिले. जानेवारी १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स येथे पाण्यात ते हेतुपुरस्सर मिसळण्यास आरंभ झाला. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमने १९६४ मध्ये त्याचे अनुकरण केले; परंतु तेथील बहुसंख्य जनतेला अशा पाण्याचा लाभ कधीच झाला नाही. तिच्यापर्यंत फ्लोराइड पोहोचले ते दंतमंजनाच्या नळीतून. १९७० नंतरच्या दशकात फ्लोराइडयुक्त मंजन बाजारात सर्वत्र झाले आणि मुलांतील दंतक्षय अपूर्व वेगाने उतरला. १९७३ मध्ये जो सरासरी आकडा जवळजवळ पाच होता, तो २००३ मध्ये एकाहूनही कमी झाला. त्यातही गरीब वस्त्यांतील मुलांच्या वाट्याला हा लाभ कमी आला, हे सांगितलेच पाहिजे.

ह्याचा परिणाम म्हणून एकाच समाजात, एकाच वेळी, तीन निरनिराळ्या इतिहासांची तोंडे नांदू लागली. वृद्धांत कवळी वापरणारे. मध्यमवयीनांत भरण्यांनी जड झालेल्या दाढांचे. आणि तरुणांत जवळजवळ अस्पर्श दातांचे. जिमी स्टील यांनी २००९ मध्ये शासनास सादर केलेल्या अहवालात ह्या मधल्या पिढीचा प्रश्न स्पष्टपणे मांडला आहे. महायुद्धानंतर जन्मलेल्या आणि फ्लोराइडपूर्व काळात वाढलेल्या ह्या लोकांचे दात टिकले खरे, पण ते दुरुस्त करून टिकलेले दात आहेत. त्यांची डागडुजी हे पुढील कित्येक दशकांचे काम असून ते आजवरच्या कोणत्याही कामापेक्षा गुंतागुंतीचे व खर्चाचे आहे.

६

२००९ च्या पाहणीत दात असलेल्या प्रौढांपैकी शेकडा ८६ जणांना एकवीस किंवा अधिक नैसर्गिक दात होते. एकवीस दातांनी सामान्यतः कवळीवाचून चावता येते, म्हणून हा आकडा निकष मानला जातो. १९४८ च्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे स्वप्नवत् वाटले असते. तथापि त्याच पाहणीत जवळजवळ निम्म्या लोकांच्या हिरड्यांत रोगाची खूण असलेल्या खोल फटी आढळल्या, आणि पुढील दात झिजलेल्यांचे प्रमाण १९९८ मधील शेकडा ६६ वरून ७७ वर गेले. दात असल्यावाचून तो झिजत नाही, आणि त्याच्या मुळाशी हिरडीही सुजत नाही. वयोमानाने हिरडी उतरली म्हणजे उघड्या पडलेल्या मुळालाही कीड लागते. टिकलेल्या दातांबरोबर त्यांचे वार्धक्यही आले.

सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ सांगितली असून त्यांत दातांचे रोग ८ आणि दंतमूलांचे, म्हणजे हिरड्यांचे, १५ आहेत. ह्या वर्गीकरणावरून त्या काळच्या रोगांचे प्रमाण काढणे धाडसाचे होईल. परंतु साखरेचा सुकाळ होण्यापूर्वीच्या एका ग्रंथकाराला दातापेक्षा त्याच्या आधाराविषयी अधिक भेद करावेसे वाटले, आणि दंतक्षय घटलेल्या समाजातही लक्ष पुन्हा त्याच आधाराकडे वळत आहे, एवढे साम्य चिंतनीय आहे.

गेलेल्या दाताच्या जागी काय बसवावे, ह्याविषयीची अपेक्षाही पालटली. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियम धातू हाडाशी एकजीव होतो हे पाहून १९६५ मध्ये पहिल्या रोग्याच्या जबड्यात तशा खुंटांवर दात बसविले. हा उपाय उपलब्ध झाल्यावर, एकेकाळी ज्या कवळीसाठी लोक रांगा लावीत होते तीच आता अपुरी वाटू लागली. तज्ज्ञाने ठरविलेली असो वा रोग्याला जाणवलेली असो, गरज ही उपलब्ध उपायाच्या मर्यादेत आकार घेते; उपाय बदलला की तीही बदलते.

ह्या साऱ्या स्थित्यंतरातील सर्वांत अवघड टप्पा वृद्धाश्रमांत दिसतो. पूर्वी तेथील वृद्धाची कवळी रात्री काढून पाण्याच्या पेल्यात ठेवली की सेविकेचे काम संपे. आता त्याच वृद्धाच्या तोंडात वीस-पंचवीस दात, त्यांत भरण्या, टोप्या, पूल, क्वचित् धातूचे खुंट असतात. आणि हाताला कंप किंवा बुद्धीला भ्रम झाल्यामुळे त्याला स्वतःला ते घासता येत नाहीत. इंग्लंडमधील सेवानियामक आयोगाने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक वृद्धाश्रमांत रहिवाशांच्या मुखस्वास्थ्यासाठी कोणतेही लिखित धोरण नव्हते. येथे तज्ज्ञाला गरज दिसते; रोग्याला ती जाणवते, पण कित्येकदा सांगता येत नाही; म्हणून ती व्यक्तच होत नाही. आणि मागणीच्या आकड्यांवर आखलेल्या सेवेला, जी गरज मागणी करीत नाही ती दिसत नाही.

७

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा की, दंतोपचाराच्या गरजेचा इतिहास हा केवळ रोगाचा इतिहास नाही. साखरेचा कर, रबराची बैठक, विमा, एक पौंडाचा आकार, कामागणिक मोबदला, मंजनाची नळी, ह्या सर्वांनी तिला आकार दिला. आणि ह्या सर्वांहून अधिक, आधीच्या उपचाराने तिला आकार दिला. उपटण्यातून कवळीची गरज निघाली, भरणीतून टोपीची निघाली, आणि दात टिकविण्याच्या यशातून वृद्धाच्या तोंडाची निगा राखण्याची निघाली. म्हणून एखाद्या वर्षाच्या पाहणीवरून पुढील वीस वर्षांचे वैद्य किती व कोणत्या कौशल्याचे लागतील हे ठरविताना, त्या आकड्यांमागील पिढ्या वेगळ्या करून वाचल्या पाहिजेत.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ह्यातील बोध मर्यादित, परंतु उपयुक्त आहे. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. दंतवैद्यांच्या नोंदणीचा भारतीय कायदा १९४८ चा, म्हणजे ब्रिटनमधील आरोग्यसेवेच्याच वर्षाचा आहे. परंतु त्या कायद्याने वैद्यांचे नियमन केले. सर्व नागरिकांना दंतसेवा देण्याची व्यवस्था त्याने निर्माण केली नाही. येथील तोंडांचा इतिहासही निराळा आहे. येथे मिश्री आणि तंबाखू आहे. गुटख्यामुळे तोंड उघडेनासे होणारा विकार आणि मुखाचा कर्करोग आहे, ज्याच्या भयाने महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. आणि चंद्रपूर-यवतमाळकडील काही गावांत पाण्यात फ्लोराइड कमी नसून घातक इतके जास्त आहे. तेव्हा ब्रिटनचे कोष्टक उचलून येथील गरज मोजता येणार नाही. घेण्यासारखी आहे ती तेथील पद्धती : ठराविक काळाने तोंडे तपासण्याची, आणि जो दंतवैद्याकडे येत नाही त्याचेही तोंड तपासण्याची.

आरंभीच्या म्हणीत गरज सरते आणि वैद्य विसरला जातो. दातांच्या इतिहासात गरज सरत नाही. पण वैद्याने काय केले होते हे रोगी व शासन दोघेही विसरतात, आणि पुढच्या पिढीची गरज जणू नव्यानेच उद्भवली असे समजून चालतात. वृद्धाश्रमातील त्या माणसाच्या तोंडात तो विसरलेला इतिहास दातागणिक नोंदलेला असतो. तो वाचण्याची सवय ज्या दंतसेवेला लागेल, तिलाच त्याची उद्याची गरज वेळेवर ओळखता येईल.